यादीतली पहिली गाडी

"नवी गाडी राहू दे बाप्पा तिकडे. मले निस्तं ब्रेकचं किट दे," सुखलाल बेठेकर म्हणाला आणि टोपी काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

मी तेव्हा जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या मोटार शाखेत हवालदार होतो. गाड्यांची कागदपत्रं आणि सुट्या भागांचं कपाट माझ्याकडे. बेठेकर सेमलढाणा ठाण्याचा ड्रायव्हर. ठाणं म्हणजे सावळी घाटाच्या डोक्यावरचं चार खोल्यांचं कौलारू घर, आणि त्या ठाण्याला जीप एकच. आम्ही दोघं ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणाला एकाच बराकीत होतो, एका ताटात जेवलेले. पुढे माझी कंबर गेली आणि मी खुर्चीवर आलो. तो स्टिअरिंगवरच राहिला. त्याच्या तोडीचा घाटातला ड्रायव्हर अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही चारचौघांत म्हणत होतो.

त्याचं गाऱ्हाणं साधं होतं. ब्रेक एका दमात लागत नव्हता. पायडल दोन-तीनदा मारलं की मग कुठं गाडी धरायची. मास्टर सिलेंडरची रबरं गेली होती. एका छोट्या पाकिटात मावतील एवढीच ती रबरं, पण मॉडेल जुनं असल्यामुळे बाजारात मिळेनात. सकाळपासून तो तीन दुकानं पालथी घालून आला होता. माझ्या कपाटात मात्र तसली सहा पाकिटं होती आणि ती आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"देता येत नाही रे," मी म्हणालो. "तुझी गाडी निर्लेखनात आहे."

हे निर्लेखन काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते वेडेपणाचंच होतं. जिल्हा नियोजनाच्या निधीतून आमच्या पोलीस दलाला पाच नव्या जीपा मंजूर झाल्या होत्या. सरकारी पैसा असा सरळ हातात पडत नाही. पाच नव्या हव्यात तर पाच जुन्या निकामी झाल्या असं आधी लिहून द्यावं लागतं. त्या पाचांची यादी होते, यादीवर साहेबांची सही होते, आणि त्या दिवसापासून त्या गाड्या कागदावर मेलेल्या असतात. मेलेल्या गाडीला सुटा भाग देता येत नाही. दिला तर ऑडिटवाला विचारतो की भंगाराला किट कशाला? पण ठाण्याला दुसरी गाडी नसते, म्हणून नवी हातात येईपर्यंत हीच मेलेली गाडी रस्त्यावर पळत राहते. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना हे माहीत असतं. आम्ही त्याला 'मधले दिवस' म्हणायचो. पंधरा दिवस, फार तर महिना. ड्रायव्हर लोक देवाचं नाव घेऊन तेवढे काढतात.

त्या वर्षी मधले दिवस लांबले. निधी एकतीस मार्चच्या आत खर्ची पडायला हवा म्हणून खरेदीची कोण घाई झाली, आणि पाचही जीपा फेब्रुवारीतच दारात आल्या. आल्या त्या परेड ग्राउंडच्या कडेला मांडवाखाली रांगेनं उभ्या राहिल्या. लोकार्पण व्हायचं होतं. पालकमंत्री येणार, नारळ फोडणार, हिरवा झेंडा दाखवणार, मग गाड्या आपापल्या ठाण्याला जाणार. मंत्र्यांची तारीख सव्वीस फेब्रुवारीची पाच मार्च झाली, पाचची बारा झाली. तोवर रोज सकाळी दोन शिपाई त्या गाड्या पुसायचे. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही असा हुकूम होता, कारण फोटोत गाड्या कोऱ्या दिसायला हव्या होत्या.

"मंग दुसऱ्या गाडीच्या नावानं टाक ना," बेठेकर म्हणाला. "कोण पाह्यते?"

सहज झालं असतं. असल्या खटपटी मी कमी केल्या नव्हत्या. पण आदल्याच वर्षी एका ओळखीच्या ड्रायव्हरला दोन टायर इकडचे तिकडे करून दिले, ऑडिटमध्ये सापडलो, आणि माझी वेतनवाढ वर्षभर थांबली. आता एप्रिलमध्ये सहायक फौजदाराची बढती होती. मला ती हवी होती. घरी सांगून झालं होतं, सासुरवाडीला सांगून झालं होतं, खांद्यावर फीत कशी दिसेल ते आरशात पाहूनही झालं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला.

"तुझी गाडी यादीत पहिली कोणी घातली?" मी विचारलं. "मी. पहिली नवी जीप सेमलढाण्याला जाणार ती कोणामुळे? तीन दिवस दम निघत नाही तुला?"

तो हसला. त्याच्या हसण्यात रुसवा नव्हता, हे मला अजून टोचतं. त्यानं माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि सरळ, शाळेतल्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला. सेमलढाणा ठाण्याच्या जीपचा ब्रेक एका वेळी लागत नाही, घाटात गाडी चालवणं धोक्याचं आहे, तरी दुरुस्ती व्हावी. खाली सही, तारीख. नऊ मार्च.

"याले आवक नंबर दे," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं. नंबर पडला की तक्रार लेखी झाली. लेखी तक्रार असलेली गाडी मला इथंच उभी करून घ्यावी लागेल. मग तुझ्या ठाण्याला लोकार्पणापर्यंत गाडी नाही. कोर्टाची तारीख आली, वर जंगलात कुणाचं काही झालं, तर तुझे ठाणेदार पायी जाणार का? ते तुलाच शिव्या घालतील. बेठेकर विचारात पडला. ठाणेदाराचा त्याला धाक होता आणि ठाण्याबद्दल मायाही होती. वर गाडी नसली की काय होतं ते त्यानं पाहिलं होतं.

"बरं मंग, राहू दे तुह्यापाशीच," तो शेवटी म्हणाला. "बारा तारखेले येतोच मी."

टोपी घालून तो जीप घेऊन निघाला. खिडकीतून मी पाहिलं, फाटकाशी थांबताना त्याचा उजवा गुडघा तीनदा हलला. मी अर्ज खणात टाकला आणि चहा सांगितला.

बारा तारीखही हुकली. मंत्र्यांचं अधिवेशन होतं, नवी तारीख एकोणीस. मी सेमलढाण्याला फोन करून कळवलं. फोन बेठेकरनंच उचलला. म्हणाला, एकोणीस तं एकोणीस, आता मले सवय झाली. मला बरं वाटलं. सवय झाली म्हणजे काम निभतंय, असं मी धरून चाललो.

सोळा तारखेला सकाळी साडेदहाला घाटातून वायरलेस आला.

मोटार शाखेचा माणूस पंचनाम्याला लागतो, म्हणून आमचे निरीक्षक काळमेघ साहेब मला घेऊन गेले. सातव्या वळणावर जीप उजव्या बाजूच्या दरडीला चिकटून उभी होती. उतरताना घाटात डोंगर उजवीकडे येतो आणि डाव्या हाताला दरी. दोन शिपाई आणि कोर्टात साक्षीला निघालेला एक म्हातारा पंच, असे तिघं गाडीत होते. तिघंही रस्त्याच्या कडेला बसले होते, एकाचा हात मोडलेला, पण जिवंत. त्यातल्या एका शिपायानं जबानीत सांगितलं की पायडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बेठेकर ओरडला नाही, घाबरला नाही. "डाव्या अंगाले सरका सारे," एवढंच म्हणाला, आणि त्यानं स्टिअरिंग उजवीकडे तोडलं. सगळा मार त्याच्या दारानं घेतला. गाडीची डावी बाजू जवळजवळ शाबूत होती.

त्याला काढायला पहार लागली. मी मदतीला वाकलो तेव्हा त्याचा उजवा बूट पायडलवर होता आणि पायडल फळीला टेकलेलं होतं.

तिथं रस्त्यावर उभं राहून मला जे आठवलं ते मी त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. जिल्ह्यातल्या गाड्यांत सेमलढाण्याची जीप सर्वांत खराब नव्हतीच. तिच्याहून वाईट अशा निदान सात-आठ होत्या. ती त्या यादीत बसत नव्हती. पण दोस्ताला नवी गाडी मिळावी म्हणून मी तिचा अहवाल जरा वाढवून लिहिला आणि तिला पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं. मी ती उठाठेव केली नसती तर ती साधी चालू गाडी राहिली असती, आणि नऊ मार्चला बेठेकरला ते पाकीट मी विनातक्रार काढून दिलं असतं. त्याचं भलं करायला गेलो आणि त्यालाच मारून बसलो.

प्रेत गावी न्यायला भाड्याची पिकअप केली. मांडवाखालच्या पाचपैकी एखादी जीप काढा असं कुणीतरी सुचवलं होतं, पण मंत्र्यांच्या पूजेआधी तिच्यातून प्रेत नेणं कुणालाच बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काळमेघ साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. साहेब तसे वाईट नव्हते. आधी त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले की वरून विचारणा झाली आहे, निर्लेखनातली गाडी घाटात कशी? याला दोनच उत्तरं आहेत. गाडी धड नव्हती हे एक, ड्रायव्हरनं वेग आवरला नाही हे दुसरं. पहिलं उत्तर दिलं तर यादी बाहेर येईल, यादीमागून खरेदी बाहेर येईल, नव्या गाड्या चौकशी संपेपर्यंत तिथंच मांडवाखाली सडतील आणि आणखी चार ठाण्यांचे ड्रायव्हर असल्याच गाड्या हाकत राहतील.

"अजून चार पायजेत का तुला?" त्यांनी विचारलं.

मी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"त्याच्या बाईचं काहीच बुडत नाही. ड्युटीवर गेला तो. पेन्शन लागेल, पुढे पोराला नोकरीही लागेल. चूक गाडीची असो की त्याची, तिला मिळायचं ते मिळणारच. त्याच्या नावावर टाकलं तर त्याचं काय जाणार? मेलेल्या माणसाची वेतनवाढ थांबत नाही, निंभोरकर."

मी अर्जाबद्दल सांगितलं. त्याला आवक नंबर आहे का, एवढंच साहेबांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग तसा अर्ज आलेलाच नाही.

दुपारी मी मासिक तपासणीचा तक्ता भरला. ब्रेक, ठीक. सेमलढाण्याच्या जीपला यादीवर सही होण्याच्या दोन दिवस आधी मास्टर सिलेंडरचं एक किट दिलं, अशी नोंद घातली. आता कपाटात सहाऐवजी पाचच पाकिटं दिसायला हवी होती. सहावं मी खिशात घालून घरी नेलं. सकाळी आंघोळीच्या पाण्याखाली जाळ होता, त्यात ते टाकलं आणि वर बेठेकरचा अर्ज टाकला. कागद लगेच जळाला. रबराला वेळ लागला. बायको आतून विचारत आली, कसला वास येतोय? मी म्हणालो, चप्पल होती जुनी.

एकोणीस तारखेला लोकार्पण झालं. मंत्री आले, नारळ फुटला. भाषणात बेठेकरचं नाव घेतलं, दोन मिनिटं सगळे उभे राहिले. सेमलढाण्याच्या जीपची किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरनं घेतली. प्लास्टिक तोवर सीटवर होतंच. एप्रिलमध्ये माझी बढती झाली.

मे महिन्यात बेठेकरची बायको आली. फुलवंती तिचं नाव. वरच्या ढाण्यातून, म्हणजे डोंगरातल्या वाडीतून, तीन तास एसटीनं येऊन पेन्शनच्या कागदावर अंगठा द्यायला ती मुख्यालयात आली होती. तिच्याबरोबर गावातला कुणीतरी होता, त्याला तिनं बाहेर झाडाखाली बसवलं आणि एकटी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. पदराच्या गाठीतून तिनं चौकशीच्या निकालाची प्रत काढली. शाळेतल्या मास्तरांकडून तिनं ती वाचून घेतली होती. चालकाने वेगावर नियंत्रण न ठेवल्यामुळे, असं त्यात लिहिलेलं होतं.

"भाऊजी, मले एकच गोष्ट सांगा," ती म्हणाली. "पैशाचं नाई इचारत मी."

"विचारा ना वहिनी."

"थे त्या दिवशी किट मांगाले आलते तुमच्याकडे. मले सांगून निंगाले होते. घरी आले तं मी इचारलं, भेटलं का? हो म्हणे, निंभोरकरनं देल्लं, बसवलंबी. पण दारात गाडी थांबवतांनी त्यायचा पाय तसाच मारे, तीन-तीनदा. मले वाटलं, मी भीन म्हणून खोटं बोलून रायले. मंग असं झालं." तिनं हातातली प्रत टेबलावर ठेवली. "तुमी देल्लं होतं का?"

इतकी वर्षं झाली, मी कितीदा तरी त्या खोलीत परत जाऊन बसतो. पंखा चालू होता. शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं. काळमेघ साहेब रजेवर होते. कागद सगळे जाग्यावर बसलेले होते, माझ्या एका शब्दानं त्यातला एकही हलला नसता. तिनं तक्रार केली नसती, कोर्टात गेली नसती, तिला तेवढं कळतही नव्हतं. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. खरं सांगायला मला कुणाचीच आडकाठी नव्हती, आणि मी त्या बाईच्या तोंडाकडे पाहत होतो.

"हो," मी म्हणालो. "दिलं होतं. नोंद आहे इथं."

नुसतं हो म्हणून मी थांबलो असतो तर निदान तेवढंच पाप राहिलं असतं. मी कपाट उघडलं, नोंदवही काढली, पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती वाकून माझ्या बोटाखाली बराच वेळ पाहत राहिली.

मग ती खाली बसली, खुर्चीत नाही, फरशीवर. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, जणू डोक्यावरची मोळी उतरवून ठेवली.

"म्हंजे थे खोटं नाई बोलले मले," ती म्हणाली.

"नाही."

"मंग गाडीच जोरात मारली असन त्यायनं."

मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मला आजही सांगता येणार नाही, पण तिनं ती होकाराची धरली.

"मी दोन महिने तुमाले शिव्या देल्ल्या, भाऊजी," ती म्हणाली. "रोज. चुलीपाशी बसली की तुमचं नाव घेऊन देत होती. त्याच्या घरात कोणी उरू नये म्हणे मी. सासराबी म्हणे, निंभोरकरनंच खाल्लं माह्या पोराले. आज जाऊन सांगतो त्याले की तसं नाई." तिनं दोन्ही हात जोडले. "माह्या मनात पाप आलं. मले माफ करा."

मी तिला उठवलं. पाणी आणून दिलं. ती सगळं प्यायली आणि तिनं पेला पालथा करून ठेवला. मी म्हणालो, असं मनात नका ठेवू वहिनी, दुःखात माणूस काहीही बोलतो. तरी ती हात जोडूनच उभी राहिली. माझ्या तोंडून ते ऐकल्याशिवाय ती जाणार नव्हती.

मी तिला माफ केलं.